सेकंदाला पंधरा चित्रं आणि एक पासपोर्ट

मंडळी, बरेच शनिवार इकडे फिरकलो नाही. कामाचा रेटा होता. आज लिहितोय ते त्या कामाबद्दलच, आणि डोकं जरा तापलेलं आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

काम असं की अमेरिकेतल्या काही राज्यांत गांजा कायद्याने, परवाना घेऊन, रीतसर बिल फाडून विकतात. त्या दुकानांच्या बिलिंग सॉफ्टवेअरमधला कम्प्लायन्सचा भाग आमची सात जणांची टीम बाणेरला बसून सांभाळते. तिकडे या दुकानांना डिस्पेन्सरी म्हणतात. आईने विचारलं, "कसलं रे सॉफ्टवेअर?" म्हटलं, "डिस्पेन्सरीचं." तिच्या डोळ्यांपुढे कंपाउंडर आणि लाल औषधाची बाटली आली असणार. मी विषय तिथेच सोडला :-) अमेरिकन प्रोजेक्ट असून ऑनसाइटची संधी शून्य, असा हा बहुधा पुण्यातला एकमेव प्रोजेक्ट असावा. त्याचं कारण पुढे येईलच.

तर मुद्दा. 'सिक्युरिटी कम्प्लायन्स' हा शब्द दिवसातून पन्नास वेळा माझ्या कानावर पडतो. दोन वर्षं त्याचे नियम वाचून, कोडमध्ये उतरवून, रात्री अकराच्या कॉलवर त्यांची उत्तरं देऊन माझं ठाम मत झालंय की यातली बरीचशी सुरक्षा मालाची आहे. दुकानात उभ्या असलेल्या माणसांची नाही. आणि त्या माणसांना ज्या गोष्टींचा धोका आहे, त्यातल्या दोन मोठ्या गोष्टी कायद्याने आणि धंद्याने मिळून स्वतःच तयार केल्या आहेत. चोर बिचारा नंतर आला.

आधी थोडी पार्श्वभूमी, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. कोलोराडो आणि वॉशिंग्टन या दोन राज्यांनी २०१२ च्या नोव्हेंबरात जनमत घेऊन प्रौढांना गांजा विकत घेण्याची मोकळीक दिली. कोलोराडोत १ जानेवारी २०१४ ला दुकानं उघडली. कॅलिफोर्नियात २०१६ ला मतदान झालं, विक्री १ जानेवारी २०१८ पासून. पण केंद्राच्या कायद्यात तो गुन्हाच होता. म्हणजे राज्य परवाना देतंय आणि केंद्र त्याच दुकानदाराला तस्कर मानतंय. यातून वाट काढायला केंद्रीय न्यायखात्याने २९ ऑगस्ट २०१३ ला एक पत्रक काढलं, ते 'कोल मेमो' म्हणून ओळखलं जातं. त्यात आठ मुद्दे होते. माल अल्पवयीन मुलांकडे जाता कामा नये, गुन्हेगारी टोळ्यांकडे पैसा जाता कामा नये, दुसऱ्या राज्यात माल जाता कामा नये, अशा धर्तीचे. राज्यं एवढं सांभाळत असतील तर आम्ही फारसं नाक खुपसणार नाही, असा एकंदर सूर. (आठांत एक मुद्दा हिंसाचार रोखण्याचाही होता, तो मी लपवत नाही.) पुढे ४ जानेवारी २०१८ ला ते पत्रक मागेही घेतलं गेलं. पण राज्यांच्या नियमावल्या त्याच साच्यात घडल्या होत्या आणि तो साचा राहिला. प्रत्येक नियमामागचा प्रश्न एकच: माल कुठे गेला?

आता कॅलिफोर्नियाचा कॅमेऱ्याचा नियम ऐका, कारण तो मला झोपेत विचारलात तरी सांगेन. रिझोल्यूशन किमान १२८० गुणिले ७२० पिक्सेल. चित्रण चोवीस तास, सेकंदाला किमान १५ फ्रेम. दाराच्या आतून आणि बाहेरून दिसलं पाहिजे. गल्ल्यापाशी गिऱ्हाइकाचा आणि विक्रेत्याचा चेहरा ओळखू आला पाहिजे. चित्रण ९० दिवस जपून ठेवायचं. आणि माझं लाडकं कलम: चित्रणावरची तारीख-वेळ राष्ट्रीय मानक संस्थेच्या, म्हणजे निस्टच्या, मानकाप्रमाणे हवी. घड्याळसुद्धा नियमात आहे! इतर राज्यांत दिवस वेगळे. कोलोराडोने ४० ठरवले, वॉशिंग्टनने ४५. कॅनडाने २०१८ मध्ये उत्पादकांना चित्रण वर्षभर ठेवायला सांगितलं होतं.

जरा हिशेब करू. एक कॅमेरा, या दर्जाचं चित्रण, दाबून-दाबून सेकंदाला दीड मेगाबिट धरा. दिवसाला साधारण १६ गिगाबाइट. नव्वद दिवसांचे झाले जवळजवळ दीड टेराबाइट. मध्यम आकाराच्या दुकानात वीस कॅमेरे सहज लागतात, म्हणजे २९ टेराबाइट. एवढं सगळं चित्रण असतं, आणि त्यातलं बहुतेक रिकाम्या कोठारातल्या बंद दाराचं.

यात वाईट काय, असं तुम्ही म्हणाल. काहीच नाही. कॅमेरे असावेत. माझी तक्रार त्यांच्या असण्याबद्दल नाही, ते कुठे बघतात त्याबद्दल आहे. तुमच्यातले जे हिंजवडीत काम करतात त्यांना हे लगेच कळेल. गेटवर मोबाइलच्या कॅमेऱ्याला स्टिकर, लॅपटॉपचा नंबर वहीत लिहायचा, टेबलावर कागद राहिला तर रात्री रक्षक त्यावर लाल चिठ्ठी चिकटवून जाणार. आणि त्याच मजल्यावर चाचणीसाठी म्हणून ग्राहकांचा खराखुरा डेटाबेस चाळीस जणांच्या लॅपटॉपवर उतरवलेला. ऑडिटर येतो, स्टिकर मोजतो, समाधानाने चहा पिऊन जातो. मोजता येतं ते मोजलं जातं. पिक्सेल मोजता येतात.

टॅगचंही तेच. बहुतेक राज्यांत 'सीड टू सेल' नावाची माग काढायची पद्धत आहे. बी रुजल्यापासून पुडी विकली जाईपर्यंत प्रत्येक पायरी सरकारी प्रणालीत नोंदवायची. कोलोराडोने सुरुवातीला निवडलेली आणि मग बऱ्याच राज्यांनी उचललेली मेट्रक ही प्रणाली घ्या. प्रत्येक झाडाला एक रेडिओ-टॅग, प्रत्येक पाकिटाला एक. झाडाचा टॅग ४५ सेंटला, पाकिटाचा २५ सेंटला, शिवाय महिन्याचे ४० डॉलर, असा कोलोराडोतला दर होता. कल्पना झकास. पण टॅग एवढंच सांगतो की या क्रमांकाचा टॅग आहे. झाडाचं वाळल्यावरचं वजन अखेर माणूसच टंकतो. कचरा म्हणून किती जाळलं हेही माणूसच टंकतो. आत काय टंकलं जातंय ते खरं की खोटं, हे डेटाबेसला कसं कळणार? कॅलिफोर्नियात 'बर्नर डिस्ट्रो' असा शब्दच रूढ झाला: वितरणाचा खरा परवाना काढायचा, कागदावर माल आत घ्यायचा आणि मागच्या दाराने काळ्या बाजारात सोडायचा. त्यावरून २०२१ मध्ये एका दुकानमालकाने राज्याच्याच खात्याला कोर्टात खेचलं. तुमच्या प्रणालीत हे दिसत असताना तुम्ही बघत का नाही, असा त्याचा सवाल.

आणखी एक उदाहरण, डेन्व्हरचं. तिथली 'स्वीट लीफ' नावाची मोठी साखळी. माणशी एका वेळी विकायची मर्यादा ठरलेली. तर तोच माणूस बाहेर जायचा, माल गाडीत ठेवून परत रांगेत यायचा, आणि दिवसात असं अनेकदा. याला 'लूपिंग' म्हणतात. दुकानात कॅमेरे होते. टॅग होते. प्रत्येक बिल नोंदलेलं होतं. पकडलं कोणी? साध्या वेशातल्या पोलिसांनी, वर्षभर पाळत ठेवून. डिसेंबर २०१७ मध्ये धाडी पडल्या, २०१८ मध्ये परवाने रद्द झाले. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी हा सगळा डोलारा उभा केला तीसुद्धा त्याने पकडली नाही. असो. मालाबद्दल मला फारसं ममत्व नाही. माणसांकडे वळू.

पहिला धोका रोकडीचा. केंद्राच्या लेखी धंदा बेकायदा, म्हणून बहुतेक मोठ्या बँका खातं उघडायला तयार नाहीत. केंद्रीय अर्थखात्याच्या फिनसेन या शाखेने १४ फेब्रुवारी २०१४ ला मार्गदर्शन दिलं की बँकांनी हवं तर सेवा द्यावी, पण प्रत्येक अशा खात्याचे 'संशयास्पद व्यवहार' म्हणून अहवाल पाठवत राहावेत. कोण करणार ही कटकट? काही लहान बँका आणि पतसंस्था करतात, आणि त्याची फी गिऱ्हाइकाकडून वसूल करतात. व्हिसा-मास्टरकार्डही हा व्यवहार नको म्हणतात. बँकांना संरक्षण देणारं विधेयक प्रतिनिधीगृहात २०१९ मध्ये पहिल्यांदा मंजूर झालं, नंतरही पुन्हापुन्हा झालं, आणि दर वेळी सिनेटमध्ये अडकलं. परिणाम काय? गल्ल्यात नोटांची थप्पी. ती कुठे असते हे गावातल्या प्रत्येक भुरट्यालाही ठाऊक.

जून २०१६ मध्ये डेन्व्हरला लागून असलेल्या ऑरोरात अशाच एका दुकानावर दरोडा पडला आणि एक तरुण सुरक्षारक्षक गोळी लागून मेला. मार्च २०२२ मध्ये टॅकोमात दुकानातला एक कर्मचारी मारला गेला. त्या वर्षी वॉशिंग्टन राज्यात अशा दरोड्यांची रांगच लागली होती. आता सांगा, सेकंदाला पंधरा फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्याने यातलं काय थांबवलं? त्याने खून नीट, स्पष्ट, निस्टच्या वेळेप्रमाणे टिपला असेल. कॅनडात ऑक्टोबर २०१८ पासून देशभर कायदेशीर झाल्यावर लोक कार्ड घासून पैसे देऊ लागले, कारण तिथे बँकेला कसली भीती नव्हती. गांजा तोच, फरक फक्त कायद्याचा.

यावर कडी म्हणजे तिकडचा आयकर. १९८२ साली एक कलम आलं, २८०-ई. एका कोकेन विक्याने कोर्टातून धंद्याच्या खर्चाची वजावट मिळवली होती, त्यावर चिडून काँग्रेसने ते केलं. केंद्राच्या पहिल्या दोन यादींतले अमली पदार्थ विकणाऱ्याला मालाची किंमत सोडून धंद्याचा कुठलाच खर्च वजा करता येणार नाही. गांजा पहिल्या यादीत. म्हणजे बघा: कॅलिफोर्निया किरकोळ विक्रेत्याला म्हणतं, परवानाधारक सुरक्षारक्षक ठेवलाच पाहिजे. दुकानदार ठेवतो, पगार देतो. आणि तो पगार करासाठी खर्च धरता येत नाही! राज्याने सक्ती केलेल्या सुरक्षेवर केंद्राने लावलेला दंड म्हणा ना. गांजा तिसऱ्या यादीत हलवायची प्रक्रिया उरकून टाका असा आदेश डिसेंबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी काढला, पण त्याआधीची सगळी वर्षं दुकानदारांनी या कात्रीत काढली. मग तो बिचारा कुठे काटकसर करतो? जिथे ऑडिटर बघत नाही तिथे. म्हणजे सर्व्हर, पासवर्ड, जुने स्कॅन.

आणि इथे आपण माझ्या शेतात आलो.

जानेवारी २०१७ मध्ये एमजे फ्रीवे या डेन्व्हरच्या सॉफ्टवेअर कंपनीवर हल्ला झाला आणि २३ राज्यांतल्या हजाराहून जास्त दुकानांची बिलिंगची यंत्रणा आडवी झाली. दाराबाहेर रांगा. वह्या-पेन्सिली बाहेर आल्या, काहींनी शटर ओढलं. कारण सरकारी नोंद झाली नाही तर विक्री बेकायदा, आणि नोंद करणारं यंत्रच बंद. बरं, एवढं झाल्यावर काय व्हावं? वॉशिंग्टन राज्याच्या नव्या माग काढायच्या प्रणालीचं काम याच कंपनीकडे होतं. ती १ फेब्रुवारी २०१८ ला सुरू झाली. पहिल्या काही दिवसांतच कोणीतरी आत शिरून डेटाबेसची प्रत उतरवून घेतली. त्यात काय होतं? माल घेऊन जाणाऱ्या गाड्यांचे क्रमांक आणि त्या दिवसांतले त्यांचे मार्ग. पुन्हा वाचा. रोकड आणि माल घेऊन फिरणाऱ्या गाड्या कुठून कुठे जाणार ही माहिती राज्याने सक्तीने भरून घेतली, सुरक्षेसाठी, आणि तीच बाहेर गेली. दरोडेखोराला एवढं आयतं ताट आजवर कोणी वाढलं नसेल. डिसेंबर २०२१ मध्ये वॉशिंग्टनने ती प्रणाली मोडीत काढून साधी, फक्त अहवाल गोळा करणारी व्यवस्था आणली.

नेवाडात २०१६ च्या डिसेंबरात राज्याच्याच संकेतस्थळावर ११,७०० हून जास्त अर्ज उघडे पडलेले सापडले. वैद्यकीय गांजाच्या धंद्यात काम करू इच्छिणाऱ्यांचे, सोशल सिक्युरिटी क्रमांकासकट. जानेवारी २०२० मध्ये उघडकीला आलं की टीएचसूट नावाच्या बिलिंग सॉफ्टवेअरने ८५,००० फायली ॲमेझॉनच्या साठवणीत कुलूप न लावता ठेवल्या होत्या. त्यात ३०,००० हून जास्त लोकांची माहिती, ओळखपत्रांचे स्कॅन, सह्या, कोणी कधी किती घेतलं. आणि जानेवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टीझी या नामांकित ब्रँडने कळवलं की त्यांच्या बिलिंग पुरवठादाराकडून चोरी झाली, ३,८०,००० लोकांची माहिती गेली. नाव, पत्ता, लायसन्सचा क्रमांक, पासपोर्टचा क्रमांक, फोटो, खरेदीचा इतिहास. या सगळ्या दुकानांचे कॅमेरे मात्र बहुधा अगदी नियमाबरहुकूम असतील.

पासपोर्ट हा शब्द मुद्दाम सुटा काढतो, कारण वाचणाऱ्यांपैकी निम्मे तरी कधी ना कधी सॅन होजे, सिएटल नाहीतर डेन्व्हरला जाऊन आलात किंवा जाणार आहात. प्रोजेक्टवर तीन महिने गेलेल्या किंवा नुकत्याच एमएसला पोचलेल्या आपल्या पोराकडे तिथलं लायसन्स नसतं. शनिवारी मित्र म्हणतात, "चल ना यार, इथे लीगल आहे." तो दारात पासपोर्ट दाखवतो. दारातला माणूस तो यंत्रावर ठेवतो, बीप होतं, आत जा म्हणतो. गमतीने दोन गमी घेतो, हॉस्टेलवर परत. विषय संपला असं त्याला वाटतं.

नाही संपला. परदेशी नागरिकाला केंद्राचा कायदा लागू, आणि इमिग्रेशनच्या कायद्यात शिक्षा होणं तर सोडाच, असा पदार्थ बाळगल्याची नुसती रीतसर कबुली देणंसुद्धा प्रवेश नाकारायला पुरतं. एप्रिल २०१९ मध्ये तिथल्या नागरिकत्व खात्याने लेखी मार्गदर्शन काढलं की राज्यात कायदेशीर असलं तरी गांजाशी संबंधित वर्तन, त्यात या धंद्यातली नोकरीही आली, 'चांगल्या चारित्र्या'च्या अटीत आड येऊ शकतं. (आमच्या टीमला ऑनसाइट का नाही, ते आता कळलं असेल.) म्हणजे स्थानिक अमेरिकनासाठी हा फुटलेला डेटा म्हणजे फार तर लाज किंवा आर्थिक फसवणूक. आपल्या मुलासाठी तो पासपोर्ट क्रमांक आणि खरेदीची तारीख यांची जोडी आहे, कुठल्यातरी चोराच्या हार्डडिस्कवर, कायमची. व्हिसाच्या खिडकीपाशी कोणी ती काढून दाखवेल असं मी म्हणत नाही. पण खंडणी मागायला एवढं पुरे आहे की नाही, तुम्हीच ठरवा.

आता तो स्कॅन साठवायची सक्ती आहे का? इथे माझं टाळकं सरकतं. वय तपासायची सक्ती आहे. साठवायची नाही! कोलोराडोत तर जनमताने राज्यघटनेत जी दुरुस्ती झाली, चौसष्टावी, तिच्यातच लिहिलंय की वय तपासायला लागणाऱ्या ओळखपत्रापलीकडे गिऱ्हाइकाकडे माहिती मागायची सक्ती राज्य करणार नाही, आणि दारूच्या दुकानात होते त्यापेक्षा जास्त नोंद ठेवायला दुकानदाराला भाग पाडणार नाही. २०१२ साली मतदारांना एवढी अक्कल होती. पण 'भाग पाडणार नाही' याचा अर्थ 'मनाई आहे' असा होत नाही. आणि मार्केटिंगवाल्यांना तेवढी फट पुरली. वाढदिवसाचं कूपन पाठवायचंय, कोण किती वेळा येतो ते बघायचंय, मग घ्या सगळं आणि ठेवा सगळं. त्याला नाव मात्र 'कम्प्लायन्स'. आपल्या सोसायटीच्या गेटवरच्या वहीसारखंच. कोण आलं-गेलं ते कळावं म्हणून नाव, मोबाइल, गाडी नंबर. आणि वही दिवसभर उघडी, पुढच्या येणाऱ्याने आधीच्या वीस जणांचे नंबर वाचावेत.

एक आक्षेप मला नेहमी ऐकवतात. उद्या अल्पवयीन मुलाला माल दिल्याचा आरोप आला तर आम्ही आयडी बघितलं होतं हे सिद्ध कसं करणार? प्रश्न रास्त आहे, टाळणार नाही. पण उत्तर सोपं आहे. यंत्राने आयडी वाचलं, वय एकवीसच्या वर आहे, हो किंवा नाही. तेवढा एक बिट, वेळ आणि बिलाचा क्रमांक ठेवा. चेहरा तर गल्ल्यावरच्या कॅमेऱ्यात नव्वद दिवस आहेच, त्यासाठीच तर ते २९ टेराबाइट! आणि त्या लूपिंगसाठी दिवसाची मर्यादा पाळायचीय? लायसन्स क्रमांकावरून एक गुप्त किल्ली वापरून हॅश काढा, रोज रात्री किल्ली बदला, जुनी फेकून द्या. त्या दिवसापुरता माणूस ओळखू येतो, दुसऱ्या दिवशी तो कोणीच नाही. हे काही रॉकेट उडवणं नव्हे. आमच्या टीममधला फ्रेशर दोन आठवड्यांत करून देईल.

ओरेगॉनने हे कायद्यातच केलं. २०१७ च्या एप्रिलमध्ये, केंद्रात नवं सरकार आल्यावर आता धाडी पडणार अशी भीती होती तेव्हा, त्यांनी ठरवलं की दुकानदाराने ओळखपत्रावरची माहिती नोंदवून ठेवायची नाही; आधी साठवलेली असेल तर पुसायची. गिऱ्हाइकाने आपण होऊन नाव-ईमेल दिलं तर तेवढा अपवाद. जे नाहीच ते चोरीला कसं जाणार? या सगळ्या प्रकरणात मला दिसलेला खऱ्या अर्थाने सुरक्षेचा नियम एवढाच. आणि त्यात एकही पिक्सेल नाही.

कोणी म्हणेल, कॅलिफोर्नियात खासगीपणाचा सर्वसाधारण कायदा २०२० पासून आहेच की. आहे. पण परवान्याचं नूतनीकरण त्यावर अडत नाही. तपासनीस दुकानात येतो तेव्हा कॅमेऱ्याचं चित्रण मागतो, दाराची कुलुपं बघतो, टॅग आणि शिल्लक जुळते का ते बघतो. तुमच्या सर्व्हरवर चार वर्षांपूर्वीचे किती पासपोर्ट पडून आहेत असं विचारल्याचं माझ्या दोन वर्षांत मी एकदाही ऐकलं नाही. ज्याच्यावर परवाना अडतो तेच काम होतं. बाकीचं पुढच्या तिमाहीत.

मला उगाच कोणी 'नियमच नकोत' गटात टाकू नका. १८९३-९४ मध्ये इंग्रजांनी इथे हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं, हजारावर साक्षी घेतल्या आणि सरसकट बंदी नको, परवाना आणि कर लावून ताब्यात ठेवा असा सल्ला दिला. परवान्याची पद्धत मला पटते. फक्त परवान्यात दुकानातल्या मुलीचा जीव आणि रांगेतल्या पोराचा पासपोर्ट हेही मोजलं जावं, झाडाइतकं तरी. झाडाला ४५ सेंटचा टॅग आहे हो.

आमच्याकडे तिकिटांची यादी आहे, त्यातली दोन सांगतो. पहिलं: रेकॉर्डरचं घड्याळ प्रमाणवेळेपेक्षा दोन सेकंद पुढेमागे झालं तर व्यवस्थापकाला इशारा जावा. प्राधान्य एक. चार दिवसांत करून, तपासून, सगळ्या दुकानांत पोचवलं, कौतुकाचा मेल आला. दुसरं मी स्वतः टाकलेलं: ओळखपत्राची चित्रं तीस दिवसांनी पुसून टाकावीत. प्राधान्य 'कमी'. त्याला आता चौदा महिने झाले. मधे क्लायंटकडच्या कम्प्लायन्सच्या बाईंनी त्यावर एकच ओळ लिहिली: हे कुठल्या नियमात आहे, कलमाचा क्रमांक द्या.

मी ओरेगॉनच्या कायद्याचा क्रमांक दिला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की ओरेगॉनमध्ये आपलं दुकान नाही.